धुडाचं अस्तर

भिंगरीला कुणी बसलेली पाहिली आहे का, असं गल्लीत विचारलं असतं तर लोक हसले असते. ती जेवायची उभ्याने, चहा प्यायची चालता चालता, आणि फोनवर बोलताना घराभोवती इतक्या फेऱ्या मारायची की समोरचा शेजारी म्हणायचा, हिच्या पायाला तार जोडली तर गल्लीला वीज पुरेल. नाव आईनंच ठेवलं होतं. रांगता रांगता पोरगी चालायची सोडून थेट पळायलाच लागली, तेव्हा आई म्हणाली, ही तर भिंगरी आहे. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

आणि धंदा कसला, तर लोकांना नीट बसवण्याचा. गाड्यांच्या सीटा, छतांची अस्तरं, खाली अंथरायचे गालिचे, हे सगळं ती घरामागच्या शेडमध्ये करायची. स्वयंपाकघराचं मागचं दार शेडमध्येच उघडायचं. त्यामुळे एकीकडे दूध तापतंय आणि दुसरीकडे शिलाई मशीन चालतंय, मध्ये ही, असा तिचा दिवस जायचा. हात असा की तिनं शिवलेल्या सीटवर बसलेला माणूस गाडी पोचली तरी उतरायला कां-कू करायचा. ती स्वतः मात्र स्वतःच्या सीटवर शिवण तपासण्यापुरतीच टेकायची.

घरात तिघंच. ती, चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारा तिचा शांत नवरा आणि आई. खुब्याचं हाड मोडून आईचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आई इथंच होती. तिला ऐकूही कमी यायचं. कानात यंत्र होतं, पण ते यंत्र म्हणजे सगळ्यांना एकाच मापानं वाढणारा वाढपी. माणसाचं बोलणं, पंख्याची घरघर आणि भांड्यांचा आवाज, सगळं सारखंच कानात ओतायचं. गाडीत बसलं की आईचं डोकं उठायचं. मग ती यंत्र काढून पर्समध्ये टाकायची आणि उरलेला प्रवास काचेपलीकडच्या माणसासारखी मुकाट बघत राहायची.

त्यात डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, खुबा फार वाकवायचा नाही. साध्या गाडीत बसायचं म्हणजे आधी खाली वाकणं आलं, ते बंद. आईला सुखानं चढता येईल अशी एकच गाडी होती, ती म्हणजे बाबांची जुनी पिकअप. गोल दिव्यांची, लोखंडी छातीची आणि पुढे एकच सलग बाकडं असलेली. घरात तिला सगळे धूड म्हणायचे. त्या बाकड्याची उंची अशी की आई पाठमोरी उभी राहायची, टेकायची आणि दोन्ही पाय उचलून आत फिरवायची. झालं. पण धूड चालायला लागलं की शेजारच्या माणसाला हाका मारून बोलावं लागायचं. बाबा त्यात आयुष्यभर ओरडून बोलले आणि मग घरातही ओरडूनच बोलत राहिले.

बाबांनंतर धूड दादाकडे गेलं. दादा म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ, दिवसभराच्या वाटेवर दुसऱ्या शहरात राहणारा. एका सकाळी तो ते घेऊन दारात उभा राहिला, कान चोळत. "आतून जरा गप्प कर हिला," तो म्हणाला. "मग मी आईला घेऊन जातो. आता तिला माझ्याकडे राहू दे."

"बरं," भिंगरी म्हणाली.

चावी देऊन, जेवून, एक झोप काढून दादा बसनं परत गेला.

त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते भिंगरीलाच माहीत. दादा हा बसल्या जागी मूळ धरणारा माणूस. घराला आग लागली तर आधी हातातला चहा संपवेल. हा आईला सांभाळणार? गोळ्या वेळेवर कोण देईल, गरम पाण्याची पिशवी कोण भरेल, न्हाणीत पाय घसरू नये म्हणून फरशी कोण पुसेल? वहिनी चांगली होती, पण तिला नोकरी. आईला ते घर नको असणार, मुलाचं मन मोडू नये म्हणून ती बोलत नसणार, असं भिंगरीनं ठरवून टाकलं. आईला विचारलं मात्र नाही. विचारायला आधी समोर थांबावं लागतं.

कामाला लागली. काम म्हटलं की तिचा राग हातात उतरायचा. बाकडं सोडवून बाहेर काढलं. खालचा फाटका रबर उचलला, गंज खरवडला, पत्र्याला रंगाचा हात दिला. मग ती बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत फिरली. जिथं पत्रा वाजतो तिथं आवाज राहतो, हे तिचं गणित. वरून चंदेरी आणि खालून काळी, चिकट अशी जाड चादर असते. तिचे तुकडे कापून, हीट गननं ऊन करून, रोलरनं दाबून दाबून तिनं ते जमिनीला, दारांच्या पोटात आणि बाकड्यामागच्या भिंतीला बसवले. दारात पाणी जायची भोकं मोकळी ठेवली. वर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, आणि त्यावर गालिचा. गिअरबॉक्सवरच्या उंचवट्यापासून सुरुवात करून, वाफ देत, हातानं मुरडत, कडेकडेला सरकत. घाईघाईनं कापलेला गालिचा पुन्हा जोडता येत नाही, हे ती शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगायची. शेवटी काळपट हिरवा गालिचा केबिनमध्ये असा बसला जणू तो तिथंच उगवला होता.

बाकडं परत बसवून ती फेरी मारून आली. धूड आतून गप्प होतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "झालं का गं?"

"कुठलं होतंय. दारातून आवाज येतोय," भिंगरी म्हणाली आणि फोन ठेवून लगेच दाराचं आतलं पान सोडवायला बसली. बसली म्हणजे ओणवी झाली.

पुढच्या आठवड्यात आवाज दारातून निघून छतात गेला. छताचं अस्तर उतरलं. मग तो मागच्या भिंतीत शिरला. भिंतीवरचे चांगले चिकटलेले तुकडे तिनं ओरबाडून काढले आणि त्याच जागी तसेच नवे लावले. आई मागच्या दारात काठी टेकून उभी राहायची आणि पाहायची.

"अगं, झालंय ना?" आई म्हणायची.

"नाही गं, तुला नाही कळायचं. तू उभी नको राहूस, पाय दुखेल," असं म्हणत भिंगरी खुर्ची आणून द्यायची, आईला बसवायची आणि स्वतः परत केबिनमध्ये शिरायची. आई थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहत बसायची आणि उठून आत जायची.

मग तिनं बाकडं काढून गालिचाही नवा अंथरायला घेतला, आणि तिच्या हातून एक चूक झाली. गालिचा अंथरला की खालची बाकड्याच्या बोल्टांची भोकं झाकली जातात. म्हणून अंथरण्याआधी प्रत्येक भोकात एकेक काडी उभी करायची, गालिच्यातून ती वर टोचून दिसते, तिथं चीर द्यायची. नवशिका हे विसरतो आणि मग आरीनं आंधळ्यासारखा गालिचा भोसकत बसतो. भिंगरी कधीच विसरली नव्हती. या खेपेला सगळा गालिचा पक्का चिकटवून झाल्यावर तिनं बाकडं आणून ठेवलं, बोल्ट हातात घेतला, आणि खाली भोकच नव्हतं. काड्या डब्यात तशाच होत्या. गालिचा सोलून काढावा लागला आणि त्याच्याबरोबर नमदाही फाटून आला.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा ती फाटक्या नमद्याचे तुकडे पोत्यात भरत होती. त्यानं ते पाहिलं, काड्यांचा डबा पाहिला. जेवून हात पुसता पुसता म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा, पण लवकर."

"तू कुणाचीही गाडी ज्याला बसायचंय त्याला आधी बसवून फिरवून आणल्याशिवाय देत नाहीस."

हे खरं होतं. तो तिचा नियमच होता. पूर्वी एका पाववाल्याची गाडी तिनं मालकाच्या मापानं करून दिली आणि शेजारी बसायची त्याची ठेंगणी बायको. बिचारीचे पाय जमिनीला पुरायचे नाहीत आणि पोटऱ्या कडेला घासून सोलायच्या. तेव्हापासून भिंगरी म्हणायची, गाडी बसणाऱ्याची, चालवणाऱ्याची नाही.

"मग?" ती म्हणाली.

"मग आईंना अजून एकदाही बसवलं नाहीस," नवरा म्हणाला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि दुकानात निघून गेला. शांत माणसांचं हे असंच असतं. दिवसभर एक वाक्य बोलतात आणि तेच नेमकं वर्मी लागतं.

भिंगरी त्याच्यावर चिडली, पोत्यावर चिडली, मांजर मध्ये आलं तर मांजरावर चिडली. पण गालिचा पुन्हा बसवला, काड्या उभ्या करून. दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या तेवढ्या बसवायच्या ठेवल्या. त्या पट्ट्या गालिच्याची कड दाबून धरतात. त्या लागल्या की काम संपलं, मग सबब उरत नाही.

शनिवारी दादा स्वतःच आला, न कळवता. शेडमध्ये रंगाचा एक पालथा डबा होता, त्यावर बसला आणि तिथलाच झाला. भिंगरीनं त्याला धुडात घालून गल्लीला वळसा मारून आणला. परत आल्यावर तो पुन्हा डब्यावर बसला.

"मला तर काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"तुला कधी काय ऐकू आलंय? मागच्या भिंतीत घुमतंय."

"आईला बसवून बघू या," दादा म्हणाला.

आई दारातच होती. कुणी काही म्हणायच्या आत ती काठी टेकत धुडापाशी आली, पाठमोरी झाली, टेकली, पाय आत फिरवले आणि दार ओढून घेतलं. कानातलं यंत्र तिनं काढलं नाही. भिंगरीला स्टिअरिंगवर बसावंच लागलं.

गल्ली संपली, गॅरेजांचा रस्ता संपला. गोदामांच्या कडेनं खडबडीत रस्ता होता, आवाज तपासायला ती सगळ्या गाड्या तिथंच न्यायची. धूड खड्ड्यांतून उड्या मारत चाललं होतं आणि आत कपाटाचं दार लावल्यासारखं शांत होतं.

"येतोय ना आवाज?" भिंगरीनं विचारलं.

"तुझा येतोय. इतका नीट कधीपासून आला नव्हता."

"मागून काहीतरी घुमतंय बघ."

"नाही."

"दारात खडखडतंय."

"काही खडखडत नाही," आई म्हणाली. मग समोर रस्त्याकडे पाहत, भाजी चिरताना बोलावं तशा सुरात म्हणाली, "दादाला मीच फोन केला होता. ये म्हटलं, मला घेऊन जा."

भिंगरीचा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"थांबवू नकोस. चालव," आई म्हणाली. "थांबवलीस की तू उतरशील."

भिंगरीनं पाय काढला. गाडी चालत राहिली. कानशिलं तापली होती. कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

"माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. गोळ्या वेळेवर, पाणी गरम, चादर स्वच्छ. राजाच्या आईची बडदास्त राहणार नाही अशी ठेवलीस. पण माझं एक वाक्य तू दारात ऐकतेस आणि दुसरं ऐकायला तू तिथं नसतेस. या यंत्राला पाठमोऱ्या माणसाचं बोलणं कळत नाही गं. तोंड दिसावं लागतं. तुझं तोंड मला दिसतं कुठं? दिवसभर तुझी पाठ बघते मी."

"दादा तुला घोटभर पाणी आणून देणार नाही."

"नाही देणार. मी उठून घेईन. मला उठता येतं, तू उठू देत नाहीस. ऐदी आहे तो, मला काय सांगतेस, मीच जन्माला घातलाय. पण तो खुर्ची ओढून समोर बसतो. मग बडबडतो. अर्ध्याला शेंडा-बुडखा नसतो. मला ते हवंय आता."

भिंगरीला दादाचा हेवा वाटला. इतकी वर्षं त्याच्या ज्या आळसाला तिनं नावं ठेवली त्याचा हेवा, आणि तोही इतका की तिला स्वतःचीच लाज वाटली. गोदामं मागे पडली. वळायची जागा आली आणि गेली, तिनं गाडी वळवली नाही.

"मला बसवत नाही, आई," ती शेवटी म्हणाली. "हाताला काम असलं की बरं असतं. बसलं की तुझ्याकडे नीट बघावं लागतं. तू बारीक झालेली दिसतेस, हात थरथरताना दिसतात. मग मनात येतं, आई अजून किती दिवस. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," आई म्हणाली. "म्हणूनच तर कुणीतरी समोर बसलेलं हवं."

पुढच्या फाट्यावर भिंगरीनं गाडी घराकडे वळवली. मग आईनं विचारलं की हा गालिचा धुता येतो का, आणि भिंगरीनं सांगितलं की ओल्या फडक्यानं पुसायचा, भिजवायचा नाही. ती डोळे पुसत सांगत होती आणि आई तिच्या तोंडाकडे बघून ऐकत होती.

घरी आल्यावर दादा डब्यावर तसाच होता. "काय, घुमतंय?" त्यानं विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. तिनं उरलेल्या पट्ट्या हातात घेतल्या, गालिच्याची कड आत सारली आणि एकेक स्क्रू आवळला. आई केबिनमध्येच बसून राहिली होती. शेवटच्या पट्टीला हात थांबला. तिला अजूनही वाटत होतं, ही एक राहू द्यावी. मग तिनं तीही आवळली, स्क्रूचं डोकं झिजेल इतकी आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं सामान मागे चढलं. नवऱ्यानं आईच्या यंत्राच्या बॅटऱ्यांची पाकिटं दादाच्या खिशात कोंबली. दादानं इंजिन चालू केलं. आईनं दादाच्या बाजूला जागा करत हातानं बाकडं थोपटलं. "ये गं. नाक्याच्या थांब्यापर्यंत ये. तिथून बस मिळेल."

"अगं, शेडमध्ये सगळा पसारा पडलाय," भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. जीभच ती, सवयीप्रमाणे वळली. आईनं हात काढून घेतला नाही, पण चेहरा थोडा उतरला, आणि या वेळी भिंगरीला तो दिसला.

ती चढली. आईच्या गुडघ्यांना धक्का न लावता दादाच्या बाजूनं चढून मधोमध बसली, ॲप्रन अंगावर तसाच. हातांचं काय करावं तिला कळेना. एकदा छताची शिवण चाचपली, एकदा गालिच्याची कड. दादा त्याच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. त्या कुत्र्यानं म्हणे कुणाचीतरी कवळी पळवली होती. गोष्टीला शेंडा-बुडखा नव्हता. आई इतकी हसली की तिला खोकला आला. भिंगरी पाण्याची बाटली शोधायला वाकली तर आईनं तिचा दंड धरला. "राहू दे. बस." भिंगरी बसली, आणि वळून आईकडे तोंड करून म्हणाली, "कुत्र्याचं पुढं काय झालं, ते तू विचार. मी विचारलं तर हा मुद्दाम सांगणार नाही."

नाका लवकर आला. ती उतरली, दार लावलं, काचेवर हात ठेवला. धूड निघालं आणि तिच्या कानठळ्या बसल्या. बाहेरून ते होतं तसंच होतं, बाबांच्या वेळचं, सगळा रस्ता डोक्यावर घेणारं. थांब्यावरच्या एका माणसानं कानावर हात ठेवला. मागच्या काचेतून आईचं डोकं दादाकडे वळलेलं दिसत होतं. आत आई काहीतरी बोलत होती आणि दादाला ते ऐकू येत होतं.

आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत भिंगरी उभी होती. मग तिला रडू फुटलं, भर रस्त्यात, ॲप्रन तोंडाला लावून. तिच्या गल्लीची बस आली. कंडक्टरनं विचारलं, येणार का? तिनं मानेनं नाही म्हटलं. बस गेली. भिंगरी थांब्याच्या बाकावर बसली. पाय हलत होता, पण ती उठली नाही.